चिठ्ठीशिवाय चीक मिळणार नाही

शुक्रवारी पहाटे पाचला रत्नप्रभाला मुलगी झाली आणि आठाच्या आत मुलीच्या आजीचं आणि वॉर्डातल्या सिस्टरचं वाजलं. मुलीचे आजोबा काशीराम तेव्हा बाहेरच्या बाकावर चहा फुंकत बसले होते. भांडणातला एक आवाज त्यांनी तिथूनच ओळखला, कारण तीस वर्षं ते तो घरात ऐकत आले होते. दुसरा आवाज मात्र नवीन होता आणि तो पहिल्यापुढे जराही खाली येत नव्हता. असाही आवाज या जगात आहे हे कळल्यावर काशीरामांना बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागला.

भांडण मधावरून होतं. रत्नप्रभा ही काशीराम आणि शेवंतीबाईंची धाकटी. दीड वर्षापूर्वी मुलुंडला दिलेली आणि पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, दिंडोशीला आलेली. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरची जबाबदारी, आणि शेवंतीबाईंनी एकदा जबाबदारी घेतली की त्या दुसऱ्या कुणाला तिच्याजवळ फिरकू देत नाहीत. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. बाळंतिणीचा पहिल्या तीन दिवसांचा तो पिवळा, दाट चीक जड असतो, बाळाला बाधतो. तो पिळून मोरीत ओतायचा. तोवर बाळाला मधाचं बोट आणि कापसाच्या बोळ्यानं साखरेचं पाणी. चौथ्या दिवशी दूध पांढरं झालं की मग बाळ आईकडे. त्यांच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं, त्यांनी स्वतः चार पोरं अशीच वाढवली आणि चारही धडधाकट निघाली. तेव्हा या विषयात आणखी बोलण्यासारखं काही उरलंय असं त्यांना वाटत नव्हतं.

सिस्टर एडनाला वाटत होतं. एडना मनोरीची. रोज तरीनं खाडी ओलांडून मार्व्याला उतरायची आणि तिथून बस पकडून कामावर यायची. अंगानं एवढीशी, पण चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड उशा नीट करायचा. दोन महिन्यांपूर्वी ती शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती आणि आल्या आल्या तिनं वॉर्डाच्या दारावर लाल शाईनं लिहिलेला पुठ्ठा टांगला होता. ‘बाळाला फक्त आईचे दूध. पहिला चीक हेच पहिले औषध. मध, साखरपाणी, गुटी, बाटली व डबा आत आणू नये.’ खाली कुणीतरी पेन्सिलीनं ‘हुकमावरून’ असं लिहून ठेवलं होतं, ते तिनं पुसलं नव्हतं.

"बाटली इकडे द्या," एडना म्हणाली.

"मध आहे तो. विष नाय."

"मध आहे हे मला दिसतंय. द्या इकडे. घरी जाताना परत मिळेल."

बाटली गेली. शेवंतीबाई बाहेर आल्या आणि काशीरामांच्या हातातला कप काढून घेऊन त्यांनी त्यांना कामाला लावलं. दुसरी बाटली दुपारी पेजेच्या डब्यात, पेजेखाली बुडवून आली. एडनानं डब्यात चमचा घातला, तो खट्‌ वाजला, आणि तीही गेली. मग शेवंतीबाईंनी डोकं चालवलं. कापूस मधात बुडवून तो काशीरामांच्या चष्म्याच्या घरात भरला आणि घर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. चष्मा नाकावर असल्यावर घराकडे कोण बघतंय? बरोबरच होतं त्यांचं, एडनानं घराकडे बघितलंच नाही. तिनं काशीरामांच्या सदऱ्यावरून शिस्तीत खिशाकडे चाललेल्या लाल मुंग्यांकडे बघितलं.

"आजोबा, डॉक्टरांना बोलवू का? तुम्हाला मुंग्या आल्यात," ती म्हणाली.

काशीराम बिचारे तीस वर्षं गिरणीत मागावर उभे राहिले होते. संपात गिरणी बंद पडली तेव्हा ते मोर्च्यातही जाऊन आले होते, पण असं उघडं पडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी निमूट खिसा रिकामा केला.

मध बंद झाला तरी शेवंतीबाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. बाळंतिणीसोबतच्या बाईला सकाळ-दुपार चहा मिळायचा आणि मागितली तर वर साखरेची पुडी. पुठ्ठ्यावर साखरपाणी होतं, कोरडी साखर नव्हती. एडना तीस खाटांच्या फेरीवर गेली की शेवंतीबाई खाटेचा हिरवा पडदा ओढायच्या, एका वाटीत साखरेचं पाणी कालवायच्या, दुसरी वाटी लेकीपुढे धरायच्या आणि पिळलेला चीक मोरीत ओतून यायच्या. रत्ना दमलेली होती, ओली बाळंतीण. आईपुढे बोलायची तिला लहानपणापासून सवय नव्हती. एकदा ती हळूच म्हणाली, की सिस्टर सांगते तसं एकदा घेऊन तर बघू या का. त्यावर तिला इतकं काही ऐकून घ्यावं लागलं की तिनं भिंतीकडे तोंड केलं.

आता या सगळ्याला रविवारची घाई होती. रविवारी चार वाजता रत्नाच्या सासूबाई वनमालाबाई नात बघायला येणार होत्या. रत्नाच्या लग्नात श्रीखंड किंचित आंबलं होतं. वनमालाबाईंनी ते तेव्हा दोन वाट्या खाल्लं आणि त्यानंतर दीड वर्ष, भेटेल त्याला, ते किती आंबट होतं हे सांगितलं. शिवाय गणपतीत आल्या तेव्हा सहज बोलून गेल्या, की हल्ली मुंबईत खरा खरवस कुणी करतच नाही, सगळे चायना ग्रास घालून फसवतात. शेवंतीबाई तेव्हा हसल्या होत्या, पण काशीरामांना ते हसू ओळखता यायचं. त्या दिवसापासून शेवंतीबाईंनी मनात धरलं होतं, की नात बघायला येतील त्या दिवशी या बाईपुढे अस्सल चिकाचा खरवस ठेवायचा आणि तिचं तोंड कायमचं बंद करायचं.

"उद्या सकाळी आरेत जावा," शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी काशीरामांना सांगितलं. "भाऊंच्या गोठ्यात म्हस व्यायली असतली नायतर व्यायाक झाली असतली. पयल्या धारेचो चीक होयो. रिकामो डबो घेवन इलात तर घरात येव नका."

काशीराम शनिवारी साडेसहालाच निघाले. इतक्या लवकर जायची तशी काही गरज नव्हती. खरी गोष्ट अशी, की शुक्रवारी दुपारपासून नात रडत होती. आधी खणखणीत रडायची, संध्याकाळपर्यंत आवाज बारीक झाला होता आणि रडणं थांबत नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांना ते ऐकवेना. पण बायकांच्या कामात आपण काय बोलणार, म्हणून ते गप्प होते. आरेला जायला सांगितलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं आणि सुटल्यासारखं झालं म्हणून लाजही वाटली.

भाऊ त्यांच्या गावच्याच वाडीतले, तीस वर्षं आरेच्या गोठ्यात म्हशी सांभाळणारे. काशीरामांचं नशीब असं, की पहाटेच एक म्हैस व्यायली होती. रेडकू चार पायांवर उभं राहायची खटपट करत होतं. काशीरामांनी मुलगी झाल्याची बातमी सांगितली, भाऊंनी गूळ दिला, आणि मग काशीराम कडीचा डबा पुढे ठेवून उकिडवे बसले. भाऊंनी डब्याकडे न बघता रेडकाला धरून म्हशीच्या कासेला लावलं.

रेडकू जे लागलं ते सोडीना. काशीराम डब्याकडे बघत होते, रेडकाकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. सगळंच ते पिऊन बसलं तर आपल्याला काय, असं त्यांनी विचारलं.

"पयलो हक्क तेचो," भाऊ म्हणाले. "चीक मिळाक नाय तर रेडकू उभा ऱ्हवणा नाय. तेचा पोट भरला की उरात तो तुझो."

"म्हशीचं वेगळं असतं," काशीराम आपले गप्पा मारायच्या सुरात म्हणाले. "माणसाचा चीक बाधतो म्हणतात. आमच्याकडे पिळून टाकतात."

"खय टाकतत?"

"मोरीत."

"कोणाचो?"

"रत्नाचा. कालपासून."

भाऊ रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत होते, तो हात थांबला. मग त्यांनी एकेक करून विचारलं. पोर कधी झाली, काय पाजताय, रडते का, कशी रडते. काशीराम सांगत गेले. सांगता सांगता त्यांच्या लक्षात यायला लागलं, की आपण जे सांगतोय ते काही चांगलं ऐकू येत नाहीये. समोर रेडकू चुपूचुपू पीत होतं, शेपटी हलवत होतं, आणि त्यांना तो बारीक झालेला आवाज आठवत होता.

"म्हणजे," भाऊ सावकाश म्हणाले, "माझ्या म्हशीचो तुका होयो, म्हणान तू दोन बशी बदलून इलंस. आणि तुझ्या नातीचो तिका मिळता नाय."

इतक्या वर्षांत काशीरामांना हे कुणी असं शेजारी शेजारी ठेवून दाखवलंच नव्हतं. ओळखीच्या कुणाची म्हैस व्यायली की चिकासाठी धावपळ, आणि घरात कुणी बाळंत झाली की चीक मोरीत. दोन्ही कामं एकाच उत्साहानं व्हायची.

भाऊंनी डबा उचलला आणि तो भिंतीच्या खुंटीला उपडा अडकवला. पोरीला तिच्या आईचा चीक पाजल्याशिवाय या गोठ्यातला थेंब मिळणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. काशीराम म्हणाले, पाजतो, शप्पथ. पण तीस वर्षं आरेत काढलेल्या माणसाचा शपथेवर विश्वास उरत नाही. दुधाला कार्ड, चाऱ्याला चिठ्ठी, जनावराच्या डॉक्टरला चिठ्ठी, रजेला अर्ज. भाऊंना कागद हवा होता.

"सिस्टरची चिठ्ठी घेवन ये. पोरीन चीक प्यालो, असा तिच्या सहीन लिवलेला. संध्याकाळच्या धारेपर्यंत येवक होया. उद्या तो चीक ऱ्हवणा नाय, पातळ जाता."

अशा रीतीनं अकरा वाजता काशीराम रिकाम्या हातांनी वॉर्डाच्या दारात उभे होते. आता शहाणा माणूस काय करील? तो आधी बायकोशी बोलेल. काशीरामांना बायकोपेक्षा एडना सोपी वाटली, यात सगळं आलं. त्यांनी तिला बाजूला घेऊन अगदी अदबीनं विनंती केली, की बाई, आमच्या नातीनं आईचा चीक प्यायला अशी दोन ओळींची चिठ्ठी मिळेल का.

"तिनं प्यायलाच आहे ना. चिठ्ठी कशाला?"

"नाही, म्हणजे," काशीराम म्हणाले, "प्यायलेला नाहीये."

झालं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला एकदम दोन बायकांच्या मध्ये उभं केलं की हे असंच होतं. एडनानं पुढचं काही विचारलं नाही, ती सरळ अकरा नंबरच्या खाटेकडे गेली आणि पडदा सर्रकन बाजूला सारला. एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात बोळा अशा शेवंतीबाई तिथे रंगेहाथ सापडल्या. तीस खाटांवरच्या तीस बाया उठून बसल्या.

एडना ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, की हे पोर दीड दिवस उपाशी आहे आणि हा मोरीत ओतलेला चीक कुठल्या दुकानात मिळत नाही. यापुढे सोबतीला दुसरी बाई आणा, तुम्ही घरी जा. शेवंतीबाई म्हणाल्या, मी जाते, पण माझी लेक आणि नातही घेऊन जाते, बघते कोण अडवतंय. आणि त्यांनी खरोखरच खाटेखालची पिशवी ओढली. साध्या एका चिठ्ठीपायी आता बाळंतीण घरी निघाली होती, आणि घरी गेल्यावर त्या पोरीला बोळ्यापासून कोण वाचवणार होतं?

"खरवस होणार नाही," काशीराम म्हणाले.

ते काय बोलले हे त्यांनाही नीट कळलं नव्हतं. पण शेवंतीबाईंचा पिशवीवरचा हात थांबला. मग काशीरामांनी, तीस वर्षांत पहिल्यांदा, बायकोकडे बघत एक अख्खं म्हणणं शेवटपर्यंत मांडलं. चिठ्ठी नाही तर भाऊ चीक देत नाही. चीक नाही तर खरवस नाही. उद्या चार वाजता वनमालाबाई. बाजारातून खरवस आणला तर त्यात चायना ग्रास. पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही.

शेवंतीबाई पिशवी धरून उभ्या राहिल्या. एकीकडे आजीच्या आजीपासून चालत आलेली रीत आणि दुसरीकडे विहीणबाईंचं तोंड. शेवटी त्यांनी एडनाकडे न बघता विचारलं, की चिठ्ठीसाठी किती वेळा पाजावं लागतं.

एडना मनोरीच्या बाजारात मासे विकणाऱ्या घरातली. समोरचा घासाघीस करायला लागला म्हणजे तो घेणार, हे तिला पाळण्यात शिकवलेलं. "तीन वेळा," ती म्हणाली.

"एकदा."

"एकदा. पण माझ्यासमोर, आणि पोटभर."

"मग परत माझ्या पद्धतीन," शेवंतीबाईंनी बजावलं. एडना रत्नाच्या पाठीमागची उशी सारखी करायला लागली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

या सगळ्या व्यवहारात रत्नाला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं कधीचे दोन्ही हात पुढे केले होते. काशीरामांना पडद्याबाहेर हाकललं गेलं आणि ते तिथेच, पडद्याला पाठ करून उभे राहिले. आतून एडनाचा आवाज येत होता. डोकं असं धर, पोट पोटाला लागू दे, घाई करू नकोस, तिला शोधू दे. पोरीचं ते बारीक रडणं दोनदा अडखळलं आणि मग एकदम बंद झालं. काशीराम दीड दिवस या क्षणाची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तो मधानं आणखीच चिकट झाला.

मग शेवंतीबाईंचा आवाज आला, पण इतका खालचा, की आधी काशीरामांना तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"चार पोरांचो ओतलंय गो मी."

एडनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती चिठ्ठी लिहायला गेली.

चिठ्ठी सरकारी होती. ‘प्रमाणित करण्यात येते की, खाट क्रमांक अकरावरील बालिकेने आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आपल्या आईचा चीक माझ्यासमक्ष पोटभर प्यायला आहे. सबब, तिच्या आजोबांस म्हशीचा चीक देण्यास आमची हरकत नाही.’ खाली सही आणि जांभळा शिक्का. भाऊंनी ती दोनदा वाचली, शिक्का उजेडात धरून बघितला, चाऱ्याच्या पावत्यांच्या तारेत ओवून ठेवली आणि डबा काठोकाठ भरून दिला.

संध्याकाळी शेवंतीबाई खरवस करायला घरी गेल्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देणं शक्यच नव्हतं. गूळ किती, वेलची किती, जायफळ किती, कुकरची शिट्टी काढायची की नाही, सगळं त्यांच्या हातात. या भानगडीत चार तास गेले आणि त्या चार तासांत वॉर्डात रत्नाला अडवायला कुणीही नव्हतं. परत आल्या तेव्हा पोर गाढ झोपली होती, मुठी उघडून. रत्नाही झोपली होती. दोन्ही वाट्या कोरड्या ठणठणीत. शेवंतीबाईंनी त्या उचलल्या. बोळ्याकडे थोडा वेळ बघितलं, मग तो कचऱ्यात टाकला, वाट्या धुतल्या आणि एकीत रत्नासाठी डिंकाचा लाडू ठेवला. आपल्या पद्धतीचं त्यांनी नाव काढलं नाही आणि काढू नये एवढी अक्कल काशीरामांना होती.

रविवारी चारच्या ठोक्याला वनमालाबाई आल्या. मागे त्यांचा मुलगा दशरथ, म्हणजे रत्नाचा नवरा, आणि त्याच्या हातात लाल फीत बांधलेला दुधाच्या पावडरचा मोठा डबा, वर रबरी बोंडाची नवी बाटली. दारावरचा पुठ्ठा त्यांनी वाचला नाही, कारण कुणाकडे जाताना त्या चष्मा लावत नसत. नात बघितली, नाक आपल्याकडचं आहे हे ठरवलं, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चीक टाकलात ना तीन दिवस? मधाचं बोट दिलंत?"

शेजारच्या खाटेला इंजेक्शन देणारी एडना सुई हातात धरून थांबली. काल सकाळपर्यंत शेवंतीबाईंचं म्हणणं अक्षरशः हेच होतं. आता त्या नुसतं हं म्हणाल्या असत्या, तर त्यात त्यांना वावगं काय वाटलं असतं? आणि वनमालाबाई तिथेच थांबल्या असत्या तर कदाचित तसंच झालंही असतं. पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"नाही, तुमच्याकडे माहीत असतं की नाही, म्हणून आपलं विचारलं," त्या म्हणाल्या.

शेवंतीबाईंनी पदर खोचला. "आमच्याकडे चीक टाकत नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात पहिल्या तासाला पोर आईच्या अंगावर. माझ्या आजीपासनं. चीक म्हणजे पहिलं औषध. ते मोरीत ओततात त्यांची मला कीव येते."

काशीरामांना ठसका लागला, इतका की दशरथनं त्यांना पाणी दिलं.

आमच्या दशरथला आम्ही डब्यावरच वाढवला, असं वनमालाबाईंनी ठसक्यात सांगितलं. शेवंतीबाईंनी जावयाकडे बघितलं. केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश बघितलं आणि फक्त "हां" म्हणाल्या. दशरथला नेमकी तेव्हा शिंक आली. त्यानं रुमाल खिशात कोंबला आणि डबा हळूच आईच्या स्टुलाशी जमिनीवर ठेवला.

मग खरवस आला. वनमालाबाईंनी एक वडी बोटानं दाबून बघितली, वास घेतला आणि तोंडात टाकली. दुसरी घेतली. तिसरी न विचारता घेतली. तारीफ करणं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि नाव ठेवायला त्यात काही नव्हतं. शेवंतीबाई भिंतीकडे बघत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष त्या वड्यांवर होतं. दीड वर्षाच्या श्रीखंडाचा हिशेब तिथे पुरा झाला.

पण वनमालाबाईही काही उगाच वनमालाबाई झाल्या नव्हत्या. त्यांनी पदराला बोटं पुसली आणि पायानं पावडरचा डबा खाटेखाली सरकवला, जणू तो त्यांचा नव्हताच.

"पाजायचं म्हणाल तर आमच्याकडे सहा महिने पाजतात. कटाक्षानं," त्या म्हणाल्या.

"सहाच?" शेवंतीबाईंनी विचारलं. "आमच्यात वर्षभर."

"नाही, म्हणजे सहा महिने नुसतं. पुढे दीड वर्षापर्यंत चालूच असतं आमच्याकडे."

"दीड वर्षात काय होतंय? आमच्यात दोन वर्षं. माझ्या मावसबहिणीनं अडीच पाजलंय."

एडना ट्रे घेऊन खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली होती. गेले दोन महिने ती आयाबायांना हेच घसा कोरडा करून सांगत होती, आणि इथे दोन आज्या तिच्या पुठ्ठ्यापेक्षा पुढे निघून गेल्या होत्या. तिनं फक्त मध्येच एकदा भर घातली, की चार-सहा महिन्यांनी सोबत मऊ भात, वरणाचं पाणी सुरू करायचं, आईचं दूध चालूच ठेवून. ते आमच्याकडे असतंच, असं दोघींनी तिला एकदमच सांगितलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या सासवा आणि आया कान देऊन ऐकत होत्या. तेरा नंबरच्या आजीनं उशीखालची मधाची बाटली काढून हळूच पिशवीत टाकली.

आता दोन्ही घराणी अडीच वर्षांवर आली होती आणि वनमालाबाई तीनचा विचार करत असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रत्ना इतका वेळ पोरीला मांडीवर घेऊन एकदा आईकडे, एकदा सासूकडे बघत होती. तिला राहवेना.

"अहो पण पाजायचंय मला," ती म्हणाली. "मला कुणी विचाराल की नाही?"

दोघींनीही तिच्याकडे असं बघितलं, की घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात ही कोण परकी मध्ये पडली.

"तू गप पड," दोघी विहिणी एका सुरात म्हणाल्या.

लग्नाच्या मांडवापासून त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं काशीरामांनी हे पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी खरवसाची शेवटची वडी उचलली आणि शांतपणे खाल्ली.